रेडिओचं लायसन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बंदुकीला लायसन लागतं, मोटार चालवायला लागतं, दारूच्या दुकानाला लागतं. पण घरात बसून बातम्या नि गाणी ऐकायलाही एके काळी लायसन लागायचं, असं सांगितलं तर आजची मुलं हसतात. पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना मात्र ते छोटं पुस्तक आठवत असेल. पोस्टात मिळायचं. त्यात मालकाचं नाव, पत्ता, रेडिओ कुठल्या कंपनीचा याची नोंद असायची. दर वर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, त्यात तिकीट चिकटवून घ्यायचं आणि वर शिक्का मारून घ्यायचा. सत्तरच्या दशकात साध्या रेडिओला वर्षाला १५ रुपये, एका बँडच्या स्वस्त संचाला साडेसात. टीव्हीची फी ५० रुपयांपर्यंत गेली, पण आमच्या भागात तेव्हा टीव्ही होता कुणाकडं? दुकानात किंवा हॉटेलात रेडिओ लावायचा तर त्याचं लायसन वेगळं आणि दरही चढा.

१५ रुपये म्हणजे काय विशेष, असं आज वाटेल. पण १९७२च्या दुष्काळातून मराठवाडा नुकता उठत होता. आमच्याकडं बाईमाणसाची रोजी दोन-तीन रुपये होती. म्हणजे पाच-सात दिवसांची मजुरी ऐकण्यापायी द्यायची. तरी लोक देत होते, हे मी आधी सांगून टाकतो. मला आज त्या १५ रुपयांबद्दल तक्रार करायची नाही. ते कसे वसूल होत, त्याबद्दल बोलायचं आहे.

या लायसनचा इतिहास मोठा आहे. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीनं सुरू केलं. लायसनची फी वर्षाला १० रुपये होती आणि त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला मिळायचा. पण रेडिओ घेणारे थोडे, त्यातही लायसन काढणारे आणखी थोडे. तीन वर्षं पुरी व्हायच्या आतच, १९३० साली कंपनी बुडाली आणि कारभार सरकारकडं गेला. बिनलायसनचा रेडिओ पकडायचा कसा, हा सरकारपुढचा प्रश्न होता. जुना तार कायदा १८८५चा. त्यात नुसतं यंत्र जवळ बाळगणं हा गुन्हा होत नव्हता. म्हणून १९३३ साली वायरलेस टेलिग्राफीचा नवा कायदा केला आणि १ जानेवारी १९३४पासून विनापरवाना रेडिओ घरात असणं हाच गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढच्याला अडीचशेपर्यंत. खास अधिकार दिलेल्या माणसाला घराची झडती घेता येई आणि गुन्हा शाबीत झाला तर कोर्टाला यंत्र जप्त करता येई. त्यात आणखी एक कलम होतं. ज्याच्या उघड ताब्यात यंत्र दिसतं, किंवा ते जिथं आहे त्या जागेवर ज्याचा ताबा आहे, त्याच्याच जवळ ते आहे असं कोर्टानं गृहीत धरायला हरकत नाही.

हा कायदा इंग्रजांनी केला तेव्हा रेडिओ ही साहेबाच्या बंगल्यातली वस्तू होती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही साऱ्या देशात अडीच-पावणेतीन लाखच संच होते. पुढं ट्रान्झिस्टर आला. रेडिओ बंगल्यातून निघाला आणि न्हाव्याच्या दुकानात, पानटपरीवर, शेतातल्या आखाड्यावर जाऊन बसला. कायदा मात्र होता तसाच राहिला. बंगल्यातल्या साहेबासाठी केलेली झडती आता कुडाच्या घरात येऊ लागली.

आमचं जळकोट आज लातूर जिल्ह्यात तालुक्याचं गाव आहे. मी सांगतोय त्या वेळी तालुका उदगीर आणि जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. लातूर जिल्हा १९८२ साली झाला आणि जळकोट तालुका १९९९ साली. कर्नाटक आणि आजचा तेलंगण इथून लांब नाहीत. त्यामुळं रेडिओची सुई जरा इकडंतिकडं केली की भाषा बदलायची. परभणी केंद्र १९६८ साली सुरू झालं, तिथून मराठी यायची. गुलबर्ग्याहून कन्नड, हैदराबादेहून तेलुगू आणि उर्दू. अंधार पडला की दिल्लीची उर्दू सर्व्हिस आणि सिलोन.

माझे अब्बा शिंपी होते. आमचं घर म्हणजे रस्त्यावरची एक खोली आणि मागं स्वयंपाकाची पडवी. पुढच्या खोलीत मशीन. दिवसा ते दुकान, रात्री तेच घर. भिंतीतल्या फळीवर तीन बँडचा ट्रान्झिस्टर. सकाळी भक्तिगीतं लागायची, ती अब्बा मशीनच्या तालावर ऐकायचे. बातम्या लागल्या की मशीन थांबायचं. रस्त्यानं जाणारी दोन माणसं दाराशी उभी राहायची, चारचे सहा व्हायचे. रेडिओ एकाचा, पण ऐकणारी आळी.

त्या फळीवरच्या डब्याचं माझ्यावर मोठं ऋण आहे. आमच्या घरची बोली दखनी. दखनीत ‘ळ’ नाही. जळकोटात राहून आम्ही घरात ‘जलकोट’ म्हणायचो. शाळेत मराठी होती, पण तिथं पोरं माझ्या बोलण्याला हसायची, म्हणून मी तोंड उघडत नसे. रेडिओ हसत नव्हता. तो एकच शब्द रोज त्याच निगुतीनं म्हणायचा, आणि कुणी बघत नाही हे पाहून मी त्याच्यामागून म्हणायचो. फळ, बाळ, आभाळ. श्रुतिका ऐकून मला कळलं, की मराठीत रागावता येतं, लाडात येता येतं आणि गप्पही बसता येतं. मी पुढं मराठीत कविता लिहिली, तिची बाराखडी शाळेत गिरवली असली तरी तिचा कान त्या फळीखाली तयार झाला.

आता वसुलीचं सांगतो. वर्षातून एकदोनदा गावात बातमी यायची, ‘रेडिओवाला आला.’ तपासनीसाला आमच्याकडं लोक रेडिओवालाच म्हणत. मोटारीतून उतरून तो पहिल्या गल्लीत शिरेपर्यंत पोरं शेवटच्या गल्लीत पोचलेली असायची. मग काय धांदल! कुणाचा रेडिओ गोधड्यांच्या उतरंडीत, कुणाचा ज्वारीच्या कणगीत, कुणाचा गोठ्यात कडब्याखाली. छपरावर बांबूला बांधलेली एरियलची जाळी म्हणजे तर दारावर लावलेली पाटीच. म्हणून लोकांनी जाळ्याच काढून टाकल्या. मग परभणी खरखरायची आणि घरातली म्हातारी म्हणायची, सरकारला नीट बोलता येत नाही का?

हसण्यासारखी गोष्ट आहे, हसावं. पण ज्यांनी लायसन काढलं होतं तेही लपवायचे, हे ध्यानात घ्या. यंदाचं तिकीट लावायचं राहिलंय, पुस्तक भावाच्या नावावर आहे, जुना संच विकून नवा घेतला आणि त्याची नोंद नाही. चूक नेमकी कुठं निघेल हे सांगता येत नव्हतं. खरा माणूसही दबकून राहू लागला. जी वस्तू चारचौघांत मोठ्यानं वाजवायची, ती लोक गोधडीखाली कानाशी धरून ऐकू लागले.

१९७८-७९चं साल असेल, मी पाचवीत होतो. अब्बा कापड आणायला उदगीरला गेले होते. दुपारी दोन माणसं दारात आली. एकाच्या हातात वही. रेडिओ फळीवर चालूच होता.

“लायसन दाखवा.”

अम्मी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “उनो उदगीरकू गए. पुस्तक पेटी में है, चाबी उनके पास है. आए तो दिखाते.”

वहीवाल्यानं आत नजर फिरवली. मशीन पाहिलं, टांगलेले कपडे पाहिले. “हे तर दुकान आहे. घरगुती लायसन असलं तरी चालणार नाही.” त्यानं काहीतरी लिहिलं आणि वही पुढं केली. अम्मीला उर्दू वाचता यायची, मराठी नाही. मी मधे उभा राहून वाचायचा प्रयत्न केला, तर दुसऱ्यानं मला बाजूला सारलं. अम्मीनं अंगठा दिला. रेडिओ त्यांनी काखेत मारला आणि गेले. तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत तो वाजत गेला.

अब्बा आले. आवाज चढवणारा तो माणूस नव्हता. पेटी उघडून त्यांनी पुस्तक काढलं. यंदाचं तिकीट होतं, शिक्काही होता. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कचेरीत गेले. तिथल्या साहेबांना म्हणाले, “साहेब, आमचं घर आन दुकान एकच खोली हाय. दिवसा दुकान, रातीला घर. रेडिओ कवा ऐकायचा ते तुमीच सांगा.” साहेबांनी वर पाहिलं नाही. दुकानाच्या दराचा फरक आणि वर दंड भरायला सांगितला. ते पैसे जमेपर्यंत दिवाळी उलटली. अडीच महिने फळी रिकामी होती. वाटेनं परतताना अब्बा एकदाच बोलले, “रेडिओ हमारा, सेल हमारे, कानां हमारे. लायसन बी निकाले. फिर चोर काय कू?”

रेडिओ परत आल्यावर अब्बांनी कापडाच्या तुकड्याची एक पिशवी शिवली, पुस्तक तिच्यात घातलं आणि रेडिओशेजारी खिळ्याला अडकवलं. आल्यागेल्याला पहिल्यांदा ती पिशवी दिसायची. घरात आम्ही प्रामाणिक आहोत असं भिंतीवर टांगून ठेवावं लागावं, हे मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं.

मी पुढं मोठा झाल्यावर त्या दोन माणसांचाही विचार केला. ऊन डोक्यावर घेत, मोटारीच्या टपाला लटकत ती खेडी पालथी घालायची. वर कुणीतरी आकडा मागत असणार. आकडा मागितला की माणूस सोपी दारं शोधतो. गावातल्या वाड्यावर मोठ्ठा रेडिओग्राम होता, पण तिथं देवडीवर गडी बसलेला. आमच्या खोलीला देवडी नव्हती. दार रस्त्यावर, तेही दिवसभर उघडं, आणि घरात एकटी बाई.

हे आपल्याकडंच घडलं असं समजू नका. इंग्लंडात रेडिओचं लायसन १९२२ साली आलं, टीव्हीचं १९४६ साली. तिथं बिनलायसनचे टीव्ही शोधणाऱ्या खास गाड्या १९५२पासून रस्त्यानं फिरू लागल्या. रेडिओची फी त्यांनी १९७१ साली काढून टाकली, टीव्हीची ठेवली. आज ती वर्षाला १७० पौंडांच्या वर आहे आणि ती न भरणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. त्या खटल्यांत शिक्षा होणाऱ्यांमध्ये अलीकडच्या वर्षांत चारातल्या जवळजवळ तीन बायका आहेत. बायका काही पुरुषांपेक्षा जास्त टीव्ही चोरत नाहीत. तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरात असतात त्या, आणि दार उघडतात त्या, हे त्यातलं एक मोठं कारण खुद्द तिथल्या वसुली करणाऱ्यांच्या अहवालातच आलं आहे. हे वाचलं तेव्हा मला पदर सारखा करणारी अम्मी आठवली. कायदा ‘उघड ताबा’ म्हणतो. जो दार उघडतो तोच ताबेदार.

पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना तिथं २०००पासून ही फी माफ होती. २०२०च्या ऑगस्टपासून ती सवलत फक्त गरीब म्हणून ठरावीक सरकारी मदत घेणाऱ्यांपुरती उरली. म्हणजे एकट्या म्हातारीनं टीव्ही बघण्यासाठी आधी आपली गरिबी सिद्ध करायची. दुसऱ्या देशांनी वेगळ्या वाटा काढल्या. जर्मनीनं २०१३पासून घरात टीव्ही आहे की नाही हा प्रश्नच सोडून दिला आणि घरटी एक वर्गणी ठरवली. कुणाच्या घरात डोकवायचं कारण उरलं नाही. फिनलंडनं त्याच वर्षी त्याचा कर केला. फ्रान्सनं २०२२ साली फी बंद केली. पैसे हवेतच. ते माणसाच्या उंबऱ्याला पाय न लावता मिळवता येतात, एवढं यावरून दिसतं.

आपल्याकडची आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे मोठे जाणकार. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिथून अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. लायसनचे पैसे दिल्लीला आणि कान कोलंबोला, असा कारभार झाला. अखेर १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली आणि १९६७पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. पैसे भरणाऱ्याला काय ऐकायचं आहे, हे विचारायला कुणी दारात आलं नव्हतं. पैसे भरले का, एवढं विचारायला मात्र माणूस यायचा.

स्वस्त संचांना आधी सूट मिळाली आणि १९८४-८५च्या सुमारास ही सारी पद्धतच बंद झाली. ज्या कायद्यांवर ती उभी होती ते १८८५ आणि १९३३चे कायदे मोडीत काढण्याची तरतूद तर २०२३च्या दूरसंचार कायद्यात झाली. एवढं ते आयुष्य लांब.

आता कुणी म्हणेल, संपलं ते बरं झालं, आज कशाला उकरता? दोन कारणांसाठी.

पहिलं असं, की रेडिओला पैसे लागतात आणि ते लोकांनीच द्यायला हवेत, असं मी मानतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडंही जमीन हलली. वीज नव्हती, फोन नव्हते. कुठं काय झालं, आपली माणसं आहेत का, हे कळायला आमच्या गल्लीनं एका ट्रान्झिस्टरभोवती दिवस काढला. त्या दिवसाची किंमत १५ रुपयांत होत नाही. लायसन होतं तेव्हा माणूस निदान पत्रात लिहू शकत होता, की मी लायसनधारक श्रोता आहे, तुमचा अमुक कार्यक्रम मला आवडत नाही. आमच्या शेजारचे गुरुजी लायसनचा नंबर घालून केंद्राला पत्रं पाठवायचे. आज आपण सगळ्याला पैसे भरतो. डीटीएच झालं, केबल झालं. २०१९च्या १ फेब्रुवारीपासून चॅनेल निवडून पैसे भरायची पद्धत आली. एका महिन्यात जातं ते त्या काळच्या दहा वर्षांच्या फीपेक्षा जास्त. पैसे संपले की पडदा काळा. कुणी काखेत मारून नेत नाही, पण भांडायला समोर माणूसही नाही.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. लायसन गेलं, पण ते ज्या नजरेनं तपासलं जायचं ती नजर गेली आहे का? रेशनच्या दुकानात अंगठा जुळत नाही म्हणून परत फिरणारी बाई मी पाहतो. आयुष्यभर खुरपं चालवून तिच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या, हा तिचाच दोष ठरतो. आपण जिवंत आहोत याचा दाखला दर वर्षी नेऊन देणारे निराधार योजनेतले म्हातारे मी पाहतो. योजना चांगली, धान्य हक्काचं, पैसा सरकारचा. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला आधी खोटा धरायचं आणि मग त्यानं खरेपणा सिद्ध करायचा, ही १९३३ची रीत आहे. आणि ती आजही उघड्या दाराच्या घरांनाच लागू होते, देवडी असलेल्यांना नाही.

सरकारनं फी घ्यावी, कर घ्यावा, तपासणीही करावी. पण दार वाजवणाऱ्यानं आधी सलाम करावा, आपण कोण ते सांगावं, वाचता न येणाऱ्याला कागद वाचून दाखवावा, आणि घरधनी गावाला गेला असेल तर उद्या यावं. याला नवा कायदा लागत नाही, जास्तीचा खर्चही येत नाही. आमच्या अब्बांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाचं माप घेताना आधी विचारलं, “हात लावू का?” तेवढी अदब शिंप्याला जमते, तर सरकारलाही जमायला हरकत नाही.